नावांच्या कसोटीवर पोस्टग्रेस: शिस्तीला साथ, चुकीपुढे मौन

पोस्टग्रेसक्यूएल (थोडक्यात पोस्टग्रेस) या डेटाबेसबद्दल लिहिताना वेग, रेप्लिकेशन, जेसन यांवर पानेच्या पाने भरतात. नावांबद्दल फारसे कोणी बोलत नाही. टेबल, कॉलम, इंडेक्स (शोध वेगवान करणारी सूची), कन्स्ट्रेंट (डेटावरचे बंधन), ट्रिगर (बदल होताच आपोआप चालणारा कोड) यांची नावे एकदा पडली की वर्षानुवर्षे तीच हाताळावी लागतात. अ‍ॅप्लिकेशन दोनदा नव्याने लिहून होते, टेबलांचा आराखडा म्हणजे स्कीमा मात्र तोच राहतो. म्हणून हे परीक्षण फक्त याच बाजूने केले आहे: नावे देताना पोस्टग्रेस कुठे मदत करतो, कुठे अडवतो आणि कुठे बोलायला हवे तिथे गप्प बसतो. तुलनेला ओरॅकल, मायएसक्यूएल आणि एसक्यूएल सर्व्हर घेतले आहेत.

मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. या चौघांत आपोआप नावे घडवण्याची सर्वांत चांगली रीत पोस्टग्रेसची आहे, आणि लांब नाव गुपचूप छाटण्याची सर्वांत वाईट खोडही त्याचीच. पहिल्या गोष्टीचा फायदा घ्यायचा आणि दुसरीला पहिल्या दिवसापासून लगाम घालायचा, एवढे जमले तर नावांच्या बाबतीत याहून चांगला डेटाबेस नाही.

(कमांड आणि नावे इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत; टाइप करताना ती रोमन लिपीतच लिहायची. जिथे नाव खरोखरच देवनागरीत आहे, तिथे तसे सांगितले आहे.)

कॅपिटल, स्मॉल आणि डबल कोट

एसक्यूएलचे प्रमाण सांगते की कोट न केलेले नाव कॅपिटल अक्षरांत बदलून घ्यावे. ओरॅकल तसेच करतो. पोस्टग्रेस नेमके उलट करतो, सगळे नाव स्मॉल अक्षरांत नेतो. रोजच्या कामात यातून काही बिघडत नाही. उलट वाचायला बरे पडते आणि शब्दांमध्ये अंडरस्कोर घालायची स्नेक केस आपसूक अंगवळणी पडते. मायएसक्यूएलशी तुलना केली की हा नियम किती सरळ आहे ते कळते. तिथे टेबलाच्या नावातला कॅपिटल-स्मॉलचा भेद 'लोअर_केस_टेबल_नेम्स' या सेटिंगवर ठरतो: लिनक्सवर मुळात ०, विंडोजवर १, मॅकवर २. विंडोजच्या लॅपटॉपवर बिनबोभाट चाललेली क्वेरी लिनक्स सर्व्हरवर गेली की टेबलच सापडत नाही. शिवाय ८.० आवृत्तीपासून ही सेटिंग सर्व्हर पहिल्यांदा उभा करतानाच ठरवावी लागते, नंतर बदलता येत नाही. एसक्यूएल सर्व्हरमध्ये हेच सारे डेटाबेसच्या कोलेशनवर (अक्षरांच्या तुलनेच्या नियमांवर) अवलंबून असते.

पोस्टग्रेसमध्ये बिघडते ते डबल कोटमुळे. कोटात लिहिलेले नाव जसेच्या तसे साठवले जाते. त्यात एक जरी कॅपिटल अक्षर असले तरी पुढे प्रत्येक क्वेरीत, रिपोर्टात आणि स्क्रिप्टमध्ये कोट घालावेच लागतात. हे कोट बहुधा माणूस घालत नाही, टूल घालते. डॉटनेटचे एंटिटी फ्रेमवर्क कोअर पास्कल केसमधली (प्रत्येक शब्द कॅपिटलने सुरू होणारी) नावे तशीच टेबलांना देते, प्रिझ्माही मॉडेलचे नाव तसेच उचलतो. मग कोणी साधे 'सिलेक्ट * फ्रॉम ऑर्डर्स' लिहिले की रिलेशन अस्तित्वात नसल्याचा एरर येतो, आणि टेबलांच्या यादीत तर ते डोळ्यांसमोर असते. याचा बंदोबस्त पहिल्या मायग्रेशनच्या (स्कीमात बदल करणाऱ्या स्क्रिप्टच्या) आधीच करावा. एंटिटी फ्रेमवर्कसाठी 'ईएफकोअर डॉट नेमिंगकन्व्हेन्शन्स' हे पॅकेज घेऊन त्यातले स्नेक केस चालू करायचे. प्रिझ्मात मॉडेलांना आणि फील्डांना 'मॅप' लावायचा. जावातल्या स्प्रिंग बूटची मुळातली सेटिंगच कॅमल केसचे (पहिला शब्द स्मॉल, पुढचे कॅपिटलने) स्नेक केस करते.

कोटवाली नावे आधीच पडली असतील तर बॅकअप घेताना एक गोष्ट सांभाळा. 'पीजी_डंप' या बॅकअपच्या टूलला '-टी' देऊन एकच टेबल सांगताना बाहेर सिंगल कोट आणि आत डबल कोट अशी दुहेरी वेष्टने लागतात. बाहेरचे कोट शेल (कमांड चालवणारा प्रोग्राम) खाऊन टाकते, आतले नसतील तर पीजी_डंप नाव स्मॉल अक्षरांत नेऊन शोधतो आणि त्याला काहीच सापडत नाही.

६३ बाइटची मर्यादा, आणि इथेच खरी तक्रार

पोस्टग्रेसमध्ये नावाची कमाल लांबी ६३ बाइट आहे. मर्यादा असण्याबद्दल तक्रार नाही. ओरॅकलमध्ये १२.१ पर्यंत ती फक्त ३० बाइट होती, १२.२ पासून 'कम्पॅटिबल' पॅरामीटर १२.२ किंवा वर असेल तर १२८ बाइट झाली. मायएसक्यूएल ६४ अक्षरे देतो, एसक्यूएल सर्व्हर १२८. पण हे तिघेही मर्यादा ओलांडली की एरर देऊन थांबतात. पोस्टग्रेस थांबत नाही. जास्तीची शेपटी कापतो, 'नाव छाटले जाईल' अशी एक नोटीस देतो आणि पुढे जातो.

देवनागरी नावांत हे फार लवकर घडते, कारण यूटीएफ-८ या अक्षरसंकेतात प्रत्येक स्वर, व्यंजन, मात्रा, अनुस्वार आणि हलन्त स्वतंत्रपणे ३ बाइट घेतो. म्हणजे ६३ बाइटमध्ये जेमतेम २१ चिन्हे. खरोखरच देवनागरीत ठेवलेले 'शेतजमीन_हस्तांतरण_नोंदणी' हे टेबलाचे नाव घ्या. शेतजमीन २१ बाइट, हस्तांतरण २७, नोंदणी १८, दोन अंडरस्कोर मिळून २. एकूण ६८. पोस्टग्रेस अर्धवट बाइटवर कापत नाही, पूर्ण चिन्हावर कापतो, त्यामुळे उरते 'शेतजमीन_हस्तांतरण_नोंद', ६२ बाइट. आता त्याच स्कीमात 'शेतजमीन_हस्तांतरण_नोंदवही' नावाचे दुसरे टेबल करायला जा. तेही छाटून 'नोंद'वरच येते. साध्या 'क्रिएट टेबल'ला निदान 'आधीच अस्तित्वात आहे' असा एरर मिळेल. पण मायग्रेशनमध्ये 'इफ नॉट एक्झिस्ट्स' असेल, आणि ते बहुतेक ठिकाणी असतेच, तर दुसरे टेबल तयारच होत नाही आणि मायग्रेशन मात्र यशस्वी म्हणून नोंदले जाते. पुढे दोन्ही नावांनी केलेल्या क्वेरी एकाच टेबलावर जातात, कारण क्वेरीतले नावही तसेच छाटले जाते. दोन प्रकारचा डेटा एकत्र झाल्यावरच हे उघड होते.

इंग्रजी नावांत टेबलापर्यंत ही वेळ सहसा येत नाही; हाताने किंवा टूलने जुळवलेल्या लांबलचक इंडेक्सच्या आणि कन्स्ट्रेंटच्या नावांत हटकून येते. दोन इंडेक्सांची नावे ६३व्या बाइटपर्यंत सारखी आणि फरक फक्त शेवटच्या कॉलमात असेल तर वरचाच प्रकार होतो, फक्त डेटाऐवजी एक इंडेक्स गायब राहतो आणि क्वेरी का मंदावली हे कळत नाही.

नोटीस वाचली जात नाही याला कारणे आहेत. बहुतेक मायग्रेशन टूल नोटिसा दाखवत नाहीत. सर्व्हरच्या लॉगमध्येही ती उतरत नाही, कारण 'लॉग_मिन_मेसेजेस'ची मुळातली पातळी 'वॉर्निंग' आहे आणि नोटीस तिच्या खालची. छाटणीला सरळ एररमध्ये बदलणारी सेटिंग पोस्टग्रेसमध्ये नाही. म्हणून बांध बाहेरून घालावा लागतो. चाचणीच्या सर्व्हरवर ही पातळी 'नोटीस'वर आणायची, सगळी मायग्रेशने चालवायची आणि लॉगमध्ये 'विल बी ट्रंकेटेड' हे शब्द किंवा ४२६२२ हा एसक्यूएलस्टेट (संदेशाचा सांकेतिक) क्रमांक शोधायचा (लॉगच्या प्रत्येक ओळीत तो क्रमांक हवा असेल तर 'लॉग_लाइन_प्रिफिक्स'मध्ये टक्के-ई घालावे लागते). एक जरी सापडला तरी बिल्ड (कोड तपासून तयार करणारी आपोआप चालणारी प्रक्रिया) अयशस्वी ठरवायचा. चालू डेटाबेससाठी, पोस्टग्रेसच्या स्वतःच्या नोंदींची टेबले असलेल्या 'पीजी_क्लास', 'पीजी_अ‍ॅट्रिब्यूट' आणि 'पीजी_कन्स्ट्रेंट'मधली, 'ऑक्टेट_लेन्थ' (बाइटमधली लांबी) ६१ किंवा जास्त असलेली नावे काढून पाहायची. ६३ नव्हे, ६१ पासून. तीन बाइटच्या चिन्हांत कात्री ६१ किंवा ६२ वरही थांबू शकते.

मर्यादा वाढवता येते, पण त्यासाठी सोर्समधला 'नेमडेटालेन' हा आकडा बदलून सर्व्हर स्वतः कंपाइल करावा लागतो आणि डेटाबेस क्लस्टर नव्याने उभा करावा लागतो. क्लाउडवरच्या तयार सेवेत हा मार्ग बंदच. ४० बाइटच्या आत टेबलाचे नाव ठेवण्याचा नियम जास्त स्वस्त.

आपोआप पडणारी नावे

आता कौतुकाची बाजू. ऑर्डर्स टेबलावर प्रायमरी की (प्रत्येक ओळीची ओळख) टाकली की तिचे नाव 'ऑर्डर्स_पीकी', कस्टमर_आयडीवर फॉरेन की (दुसऱ्या टेबलाशी जोडणारे बंधन) टाकली की 'ऑर्डर्स_कस्टमर_आयडी_एफकी'. युनिकला '_की', चेकला '_चेक', साध्या इंडेक्सला '_आयडीएक्स', सिक्वेन्सला (पुढचा क्रमांक देणाऱ्या मोजणीला) '_सेक' असे प्रत्यय. नाव वाचले की टेबल, कॉलम आणि जात तिन्ही कळतात. आणि एकच मायग्रेशन लॅपटॉपवर, चाचणीच्या सर्व्हरवर, प्रत्यक्ष वापराच्या सर्व्हरवर चालवले तर तिन्हीकडे तेच नाव पडते.

याचे मोल एसक्यूएल सर्व्हरवर काम केलेल्यांना लगेच कळेल. तिथे न दिलेल्या नावाच्या जागी टेबल-कॉलमच्या तुकड्यांनंतर हेक्साडेसिमल आकडा चिकटतो आणि तो प्रत्येक सर्व्हरवर वेगळा असतो. डीफॉल्ट कन्स्ट्रेंट काढून टाकणारी स्क्रिप्ट एका ठिकाणी चालते, दुसरीकडे नाव सापडत नाही म्हणून अडते. ओरॅकल 'एसवायएस_सी' आणि पुढे क्रमांक देतो, त्यातून टेबलाचा पत्ताच लागत नाही. मायएसक्यूएल 'ऑर्डर्स_आयबीएफके_१' म्हणतो. टेबल कळते, कॉलम नाही.

पोस्टग्रेसच्या घडणीत आणखी एक शहाणपण आहे. स्वतः घडवलेले नाव ६३ बाइटबाहेर जात असेल तर तो टेबल आणि कॉलम यांपैकी लांब भागाला कात्री लावतो आणि शेवटचा प्रत्यय शाबूत ठेवतो. माणसाने दिलेल्या नावाला मात्र ही सवलत नाही, तिथे शेपटीच जाते. १२ आवृत्तीपासून अनेक कॉलमांच्या फॉरेन कीच्या नावात सगळे कॉलम येतात, त्याआधी फक्त पहिला यायचा. २०२५ साली आलेल्या १८ आवृत्तीत नॉट नल (मूल्य रिकामे चालणार नाही असे बंधन) हाही नाव असलेला कन्स्ट्रेंट झाला आहे, 'ऑर्डर्स_कस्टमर_आयडी_नॉट_नल' अशा नावाने.

तेव्हा सल्ला सरळ आहे: प्रायमरी की, फॉरेन की, युनिक आणि साधे इंडेक्स यांना पोस्टग्रेस देईल तीच नावे राहू द्या. कंपनीच्या दस्तऐवजात 'पीके_', 'एफके_' असे उपसर्ग ठरलेले असतील तर तो नियम बहुधा ओरॅकल किंवा एसक्यूएल सर्व्हरच्या काळातला आहे. तिथे तो गरजेचा होता, इथे नाही. पायथनची एसक्यूएलअल्केमी लायब्ररी वापरत असाल तर 'मेटाडेटा'च्या 'नेमिंग_कन्व्हेन्शन'मध्ये हेच प्रत्यय भरा, म्हणजे कोडमधले आणि सर्व्हरवरचे नाव जुळेल आणि तिच्या अलेम्बिक या मायग्रेशन टूलला कन्स्ट्रेंट काढताना नावासाठी अडून बसावे लागणार नाही.

अपवाद दोन. एकापेक्षा जास्त कॉलमांवरच्या चेकला पोस्टग्रेस फक्त 'बुकिंग्ज_चेक' म्हणतो, पुढच्याला 'बुकिंग्ज_चेक१'. हा क्रमांक कोणता चेक आधी तयार झाला त्यावर ठरतो. वापरकर्त्याला दाखवायचा संदेश कन्स्ट्रेंटच्या नावावरून निवडणारा कोड अशा नावावर उभा राहिला तर चेक काढून पुन्हा टाकताना संदेशांची अदलाबदल होईल. 'बुकिंग्ज_एंड_आफ्टर_स्टार्ट' असे नियम सांगणारे नाव स्वतः द्या. दुसरा अपवाद एक्स्प्रेशनवरचे (कॉलमाऐवजी त्यावरच्या हिशेबावर केलेले) आणि 'व्हेअर' अट लावून काही ओळींपुरते केलेले इंडेक्स. आपोआप पडलेल्या नावातून अट कळत नाही, म्हणून 'ऑर्डर्स_ओपन_कस्टमर_आयडी_आयडीएक्स' असे हाताने लिहावे.

नाव देताना एक गोष्ट हमखास विसरते. फॉरेन की आणि चेक यांची नावे त्या टेबलापुरती वेगळी असली की पुरते. प्रायमरी की आणि युनिक यांच्यामागे मात्र इंडेक्स असतो, आणि इंडेक्स, टेबल, व्ह्यू (टेबलासारखी वापरता येणारी साठवलेली क्वेरी), सिक्वेन्स हे सगळे एका स्कीमात एकाच नावांच्या गोतावळ्यात राहतात. 'युनिक_ईमेल' असे सुटसुटीत नाव पहिल्या टेबलाला चालते. दुसऱ्या टेबलाला तेच द्यायला गेलात की पोस्टग्रेस अडवतो.

राखीव शब्द

यूजर नावाचे टेबल कोट न करता तयार करता येत नाही, सिंटॅक्स एरर येतो. तिथवर ठीक. धोका पुढे आहे. टूलने कोट घालून ते तयार केले असेल आणि कोणी 'सिलेक्ट * फ्रॉम यूजर' लिहिले तर एरर येत नाही. एक ओळ परत येते आणि तिच्यात डेटाबेसला जोडलेल्या रोलचे (वापरकर्त्याच्या खात्याचे) नाव असते, कारण इथे 'यूजर' म्हणजे सध्याचा वापरकर्ता सांगणारे फंक्शन. टेबलात एकच ओळ आहे असे समजून पुढचे निर्णय घेतले जातात.

याच कारणाने टेबलांची नावे अनेकवचनी ठेवावीत, असे माझे मत आहे. एकवचन की अनेकवचन या वादात व्याकरणाचे मुद्दे दोन्हीकडून मांडता येतात; पण यूजर, ऑर्डर, ग्रुप हे तिन्ही शब्द राखीव आहेत आणि अनेकवचन केले की पोस्टग्रेसमध्ये तिन्ही मोकळे होतात. मायएसक्यूएलवरही तोच स्कीमा चालवायचा असेल तर सावध राहा, तिथे ८.० मध्ये 'ग्रुप्स', 'रँक' आणि 'सिस्टिम' राखीव झाले. त्यामुळे जुन्या आवृत्तीवरून वर जाताना निकालपत्रकांतले 'रँक' कॉलम अडतात. आपल्या आवृत्तीत कोणता शब्द राखीव आहे हे 'पीजी_गेट_कीवर्ड्स' फंक्शन सांगते. 'कॅटकोड' या वर्ग सांगणाऱ्या कॉलमात आर असेल तो शब्द टाळायचा, टी असेल तोही टेबलासाठी आणि कॉलमसाठी टाळलेला बरा. एसक्यूएलफ्लफ या लिंटरचा (कोडमधल्या चुका शोधणाऱ्या टूलचा) आरएफ०४ हा नियम असे शब्द पकडतो आणि सीपी०२ कॅपिटल-स्मॉलचे मिश्रण पकडतो. दोन्ही चालू ठेवावेत.

नकाशांवर काम करणाऱ्यांसाठी वेगळा इशारा. चौकटीच्या कडा ठेवायला 'एक्समिन, एक्समॅक्स, वायमिन, वायमॅक्स' ही नावे अगदी स्वाभाविक वाटतात. पहिली दोन पोस्टग्रेसच्या स्वतःच्या सिस्टिम कॉलमांची आहेत, त्यामुळे टेबल तयारच होत नाही आणि कोट घालूनही उपयोग नाही. 'मिन_एक्स, मॅक्स_एक्स' असे उलटे लिहा.

आयडी की कस्टमर_आयडी

प्रायमरी कीला नुसते 'आयडी' म्हणायचे की 'कस्टमर_आयडी', हा आवडीचा प्रश्न समजला जातो. तो तसा नाही. ऑर्डर्स टेबलात कस्टमर_आयडी आहे, क्लोज्ड_कस्टमर्स टेबलात नुसता आयडी. आता ही क्वेरी वाचा: 'डिलीट फ्रॉम ऑर्डर्स व्हेअर कस्टमर_आयडी इन (सिलेक्ट कस्टमर_आयडी फ्रॉम क्लोज्ड_कस्टमर्स)'. आतल्या टेबलात कस्टमर_आयडी नाहीच. एरर यायला हवा असे वाटते, पण येत नाही. एसक्यूएलच्या नियमाप्रमाणे आत न सापडलेले नाव बाहेरच्या टेबलात शोधले जाते, आणि ते ऑर्डर्समध्ये सापडते. अट 'प्रत्येक ऑर्डरचा कस्टमर_आयडी स्वतःइतका आहे का' अशी होऊन बसते. क्लोज्ड_कस्टमर्समध्ये एक जरी ओळ असली तरी, कस्टमर_आयडी रिकामा नसलेली प्रत्येक ऑर्डर पुसली जाते. हा नियम प्रमाणातलाच असल्याने चारही डेटाबेस असेच वागतात. पण पोस्टग्रेसने इथे निदान नोटीस द्यायला हवी होती.

हाताने एसक्यूएल लिहिणाऱ्या टीमने दोन्हीकडे कस्टमर_आयडीच ठेवावे. 'यूझिंग (कस्टमर_आयडी)' लिहून जोडणी करता येते आणि निकालात तो कॉलम एकदाच येतो. रेल्स किंवा जँगोवर असाल तर फ्रेमवर्कशी भांडू नका, 'आयडी' राहू द्या. पण सबक्वेरीतल्या प्रत्येक कॉलमाआधी टेबलाचे टोपणनाव लिहिण्याची सक्ती करा. वरच्या क्वेरीत 'सी डॉट कस्टमर_आयडी' असते तर ती लगेच एरर देऊन थांबली असती. 'नॅचरल जॉइन' (एकाच नावाचे सगळे कॉलम आपोआप जुळवणारी जोडणी) मात्र दोन्ही पद्धतींत बंद ठेवा. दोन्ही टेबलांत 'क्रिएटेड_अ‍ॅट' असेल तर तोही जोडणीच्या अटीत जातो आणि निकाल बहुतेक वेळा रिकामा येतो.

बाकीच्या कॉलमांचे नियम थोडक्यात उरकता येतात: वेळेला '_अ‍ॅट', नुसत्या तारखेला '_ऑन', हो-नाहीला 'इज_' किंवा 'हॅज_', आणि मोजमाप असेल तर एकक नावातच, 'वेट_केजी', 'अमाउंट_पैसे'. शेवटच्या नियमात कधीही सूट देऊ नका. रक्कम रुपयांत आहे की पैशांत, हे कॉलमाच्या प्रकारावरून कळत नाही.

जिथे नाव वागणूक ठरवते

एकाच घटनेवर, एकाच वेळी चालणारे अनेक ट्रिगर असतील तर पोस्टग्रेस ते नावांच्या वर्णक्रमाने चालवतो. मायएसक्यूएलसारखी 'फॉलोज', 'प्रिसीड्स' ही सोय इथे नाही. 'ऑडिट' नावाचा ट्रिगर 'नॉर्मलाइझ'च्या आधी चालणार आणि ऑडिटमध्ये साफ न झालेली किंमत नोंदली जाणार. म्हणून नावात दोन आकडी क्रमांक घाला, 'टी१०_नॉर्मलाइझ', 'टी२०_व्हॅलिडेट', 'टी९०_ऑडिट', आणि मध्ये जागा सोडा. नाव बदलले की क्रमही बदलतो, हे मायग्रेशन तपासणाऱ्याला ठाऊक हवे.

पीएल/पीजीएसक्यूएल या पोस्टग्रेसच्या स्वतःच्या भाषेतल्या फंक्शनमध्ये व्हेरिएबल आणि कॉलम यांचे नाव एकच पडले तर ९.० आवृत्तीपासून 'अ‍ॅम्बिग्युअस' असा एरर येतो. इथे पोस्टग्रेसने बोलायचे ठरवले आहे, आणि ते योग्यच आहे. पॅरामीटरला 'पी_' आणि आतल्या व्हेरिएबलला 'व्ही_' लावला की हा एरर कधीच येत नाही.

नाव बदलताना

पोस्टग्रेस नाव बदलू देतो, पण शब्दशः तेवढेच बदलतो. टेबलाचे नाव बदलले तरी कन्स्ट्रेंट, इंडेक्स, सिक्वेन्स यांची जुनीच राहतात. ऑर्डर्सचे 'ऑर्डर्स_ओल्ड' केले आणि त्या जागी नवे ऑर्डर्स उभे केले तर 'ऑर्डर्स_पीकी' हे नाव जुन्याकडेच अडकलेले असते. नव्याला 'ऑर्डर्स_पीकी१' मिळते आणि 'ऑर्डर्स_पीकी' या नावावर विसंबलेली 'ऑन कॉन्फ्लिक्ट ऑन कन्स्ट्रेंट' क्वेरी मोडते. आधी जुन्याचे कन्स्ट्रेंट बदलून घ्या. कन्स्ट्रेंटचे नाव बदलले की त्यामागच्या इंडेक्सचे आपोआप बदलते, तेवढे एक काम वाचते. सिक्वेन्सचे नाव कोडमध्ये लिहून ठेवू नका, 'पीजी_गेट_सीरियल_सिक्वेन्स'ला विचारा.

चालू सिस्टिमवर टेबलाचे नाव बदलायचा क्रम असा. ट्रान्झॅक्शन (एकत्र लागू होणाऱ्या बदलांचा गट) सुरू करा आणि 'लॉक_टाइमआउट' ३ सेकंद ठेवा. नाव बदलायला क्षणभर पुरतो, पण त्यासाठी टेबलावर सर्वांत कडक लॉक लागतो. पुढे एखादा लांब रिपोर्ट चालू असेल तर तुम्ही त्याच्यामागे थांबता आणि नंतरच्या सगळ्या क्वेरी तुमच्यामागे. टाइमआउट झाला तर पुन्हा प्रयत्न करा. मग टेबल, कन्स्ट्रेंट, सिक्वेन्स यांची नावे बदला आणि जुन्या नावाचा व्ह्यू तयार करा. एकाच टेबलावरच्या साध्या व्ह्यूत इन्सर्ट, अपडेट, डिलीट थेट चालतात, त्यामुळे जुना कोड चालत राहतो. व्ह्यूला परवानग्या नव्याने द्याव्या लागतात, टेबलाच्या परवानग्या त्याच्याकडे येत नाहीत. हे राहिले तर कमिट होताच 'परमिशन डिनाइड'चा पाऊस पडतो. 'ट्रंकेट' व्ह्यूवर चालत नाही, आणि 'कॉपी फ्रॉम'ला व्ह्यूवर इन्स्टेड ऑफ (मूळ क्रियेऐवजी चालणारा) ट्रिगर लागतो, म्हणून रात्रीची भरणी करणाऱ्या स्क्रिप्ट त्याच दिवशी नव्या नावावर आणा. टेबलांना 'टीबीएल_' उपसर्ग नको म्हणतात त्याचे कारणही इथेच आहे: आज टेबल असलेल्या जागी उद्या व्ह्यू येतो आणि नाव खोटे ठरते.

व्ह्यू टेबलाचे नवे नाव स्वतःहून ओळखतात, कारण ते नाव नव्हे, आतला क्रमांक साठवतात. पीएल/पीजीएसक्यूएल फंक्शन नुसता मजकूर साठवते, म्हणून बदलानंतर ते पहिल्यांदा चालेल तेव्हाच मोडते. आधी 'पीजी_प्रॉक'च्या 'प्रोसोर्स' कॉलमात (लिहिताना 'प्रो' आणि 'एसआरसी' जोडून) जुने नाव शोधून घ्या. १४ आवृत्तीपासून 'बिगिन अ‍ॅटॉमिक' पद्धतीने लिहिलेली एसक्यूएल फंक्शन व्ह्यूप्रमाणेच तगतात.

देवनागरी नावे

पोस्टग्रेस देवनागरी नावे कोट न करता घेतो. नाव वाचणारा त्याचा भाग अस्कीबाहेरचा (साध्या इंग्रजी अक्षरे-आकड्यांपलीकडचा) प्रत्येक बाइट अक्षरच मानतो, त्यामुळे इंग्रजी आकड्याने सुरू होणारे नाव चालत नसले तरी '७_१२_उतारा' हे नाव बिनतक्रार चालते. देवनागरीत कॅपिटल-स्मॉल नसल्याने वरचा कोटचा घोळही नाही. इतके असूनही देवनागरी नावांची शिफारस करता येत नाही, आणि त्याचे कारण फक्त ६३ बाइट नाही.

'शेतकऱ्याचे_नाव' हा कॉलम पाहा. त्यातला अर्धा ऱ तीन प्रकारे टाइप होतो: ऱ हे एकच चिन्ह आणि हलन्त, र, खाली नुक्ता आणि हलन्त, किंवा र, हलन्त आणि न दिसणारे जोडचिन्ह. पडद्यावर तिन्ही सारखे दिसतात, बाइट मात्र वेगळे. पोस्टग्रेस नावांचे नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपे एक करणे) करत नाही, म्हणून त्याच्या लेखी ही तीन नावे. एका कीबोर्डवर तयार झालेला कॉलम दुसऱ्या कीबोर्डवरून लिहिलेल्या क्वेरीला सापडत नाही. १३ आवृत्तीपासूनची 'इज एनएफसी नॉर्मलाइझ्ड' ही चाचणी नुक्त्याचा प्रकार पकडते; जोडचिन्हाचा नाही, त्यासाठी नावात 'सीएचआर(८२०५)' शोधावे लागते. सोबत ८२०४ आणि १६० हेही शोधा. ८२०४ म्हणजे न दिसणारे तोडचिन्ह, १६० म्हणजे न तुटणारी मोकळी जागा. वेबपानावरून किंवा वर्डमधून चिकटवलेल्या क्वेरीतून ही जागा येते आणि पोस्टग्रेस तिलाही नावाचा भाग मानतो, मग ती क्वेरी इंग्रजी का असेना.

रोमन लिपीत मराठी शब्द लिहायला हरकत नाही. फेरफार, खातेदार, गट क्रमांक यांना ओढूनताणून इंग्रजी प्रतिशब्द शोधण्यापेक्षा ते बरेच. अट एकच, स्पेलिंग ठरलेले हवे. 'गाव' कोणी एका 'ए'ने लिहितो, कोणी दोन 'ए' घालतो, कोणी शेवटी 'ओएन' लावतो, आणि एकाच स्कीमात तिन्ही नांदू लागतात. पहिले टेबल करण्याआधी शब्दांची यादी रेपॉझिटरीत ठेवा आणि यादीत नसलेला शब्द रिव्ह्यूत अडवा.

मराठी अर्थासाठी योग्य जागा 'कॉमेंट ऑन कॉलम' ही आहे. तिला ६३ बाइटची मर्यादा नाही, पूर्ण वाक्य देवनागरीत लिहिता येते, नाव बदलले तरी कॉमेंट टिकते, पीजी_डंपमध्ये जाते आणि पीएसक्यूएल या पोस्टग्रेसच्या कमांड टूलमध्ये 'बॅकस्लॅश डी प्लस' केले की समोर दिसते. कोणत्या कॉलमांना कॉमेंट नाही हे काढायला 'पीजी_अ‍ॅट्रिब्यूट'मधून 'अ‍ॅटनम' शून्यापेक्षा जास्त, 'अ‍ॅटइझड्रॉप्ड' खोटे आणि 'कॉल_डिस्क्रिप्शन(अ‍ॅटरेलआयडी, अ‍ॅटनम)' नल असलेल्या ओळी निवडा. त्यात आपल्याच स्कीमातली टेबले राहतील अशी अट घाला, नाहीतर पोस्टग्रेसची स्वतःची शेकडो कॉलम यादीत येतात. ही क्वेरी छाटणीच्या चाचणीच्या शेजारीच बिल्डमध्ये ठेवावी आणि एक जरी ओळ परतली तरी मायग्रेशन पुढे जाऊ देऊ नये.